वाट्याला न आलेली शिवी

ती शिवी खरं तर माझ्या वाट्याची होती. ती बबाल्वाला मिळाली, आणि त्यासाठी मी कित्येक महिने तिच्यावर जळत राहिले.

झोलेकाचे वडील ऐन थंडीत गेले. शनिवारी माती झाली, एन्ताबेनीला, त्यांच्या गावी, घराच्या गोठ्यापलीकडे. मातीनंतर सगळं गाव जेवतं. पुढे मांडवात पाहुणे असतात आणि मागच्या अंगणात तीन पायांच्या काळ्या पातेल्यांपाशी घरच्या सुना राबतात. सून कोणती, हे आमच्याकडे विचारावं लागत नाही. तिच्या खांद्यावर शाल असते, छातीशी मोठ्या पिनेने अडकवलेली, आणि डोईचा रुमाल भुवयांपर्यंत ओढलेला. लेकी अशा दिसत नाहीत. पाहुण्या तर नाहीतच.

मी पाहुणी होते. डोक्यावर टोपी, पायात शहरातले बूट. मी कोमानी शहरात पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि झोलेका तिथल्याच एका शाळेत गाणं शिकवते. सात वर्षं आम्ही एका घरात राहतो आहोत, एका खोलीत, एका पलंगावर. शहरात हे ज्यांना कळायला हवं त्यांना कळलेलं होतं. गावात मात्र मी 'झोलेकाची भाडेकरीण' होते. म्हातारबाबांच्या जिवाला घोर नको, म्हणून हा शब्द तिच्या आईने, माभेलेने, शोधून काढला होता. भेले हे तिच्या माहेरचं कूळ. बाई लग्न होऊन कुठेही गेली तरी मानाने तिला माहेरच्या कुळानेच हाक मारतात. मला माभेले माझ्या कुळाने 'माराडेबे' म्हणायची. म्हणजे मान होता, फक्त जागा नव्हती.

घरची एकुलती सून, झोलेकाच्या भावाची बायको, बाळंतपणासाठी इस्पितळात होती. तिची शाल दारामागच्या खुंटीला लटकत होती. सकाळी पातेली चढली तशी माभेले ती शाल घेऊन बाहेर निघाली. मी दारातच उभी होते. माझे हात रिकामे होते. शाल माझ्या खांद्याजवळून गेली, तिला धुराचा वास येत होता, आणि माभेले थेट अंगणात कांदे चिरत बसलेल्या बबाल्वापाशी थांबली. बबाल्वा शेजारच्या घरातली. झोलेकाबरोबर एका बाकावर शिकलेली, आता किनाऱ्यावरच्या शहरात मोटारींच्या कारखान्यात कामाला, मातीसाठी रजा काढून आलेली.

"घे ही," माभेले म्हणाली. "तुझा चांगला कोट धुरकटेल. आणि सुनेशिवाय पातेली बरी दिसत नाहीत."

"मला सून करताय होय, माभेले?"

"आजच्यापुरती."

दोघी हसल्या. मी टोपी सारखी केली आणि मांडवात जाऊन बसले.

मातीच्या कार्यक्रमाचा सूत्रधार टोलो होता. कोण कधी बोलणार, भजन कधी, आधी कुणाचं ताट, हे सगळं तो माइकवरून सांगतो. पंचक्रोशीत त्याच्याशिवाय माणूस पुरत नाहीत. रडून दमलेल्यांना हसवणं हेही त्याचंच काम, आणि ते तो चांगलं करतो, हे मला कबूल आहे.

"मंडळी, सावकाश," तो म्हणाला. "बैल मोठा होता, सगळ्यांना पुरेल. म्हाताऱ्याला इस्पितळात भेटायला ज्यांना वेळ झाला नाही, त्यांना आज जेवायला वेळ झाला, बघून बरं वाटलं."

लोक हसले. मीही हसले. मग त्याने मागच्या अंगणाकडे हात केला.

"आणि तिकडे बघा. लोकांच्या लेकी सासरी जातात. आमच्या झोलेकाने उलटं केलं. तिने घरी सून आणली. ती बघा, शाल पांघरून पातेल्यापाशी उभी आहे. दोन झाकणं जमली, पातेलं एकही नाही. आता या घरात शिजायचं काय?"

पुन्हा हसू आलं, पण या वेळी सगळ्यांचं नाही. बबाल्वाच्या हातातला डाव हवेतच राहिला. झोलेका भाकरीची परात घेऊन तिच्या शेजारी उभी होती. तिने परात खाली ठेवली आणि बबाल्वाच्या पाठीवर हात ठेवला. साहजिकच होतं ते. कुणीही ठेवला असता.

शहरातली कुजबूज गावापर्यंत पोचली असावी, फक्त बाई कोण ते पोचलं नव्हतं, आणि ते शालीने ठरवलं. मला आधी भीती वाटली. आणि भीती पुरती विरली नव्हती तोवर दुसरंच काहीतरी वर आलं. गावाने झोलेकाशेजारी एक बाई उभी केली होती, आणि ती मी नव्हते.

तोंड धुवावं म्हणून मी उठून पावसाच्या पाण्याच्या टाकीकडे गेले. टाकीच्या पलीकडच्या बाजूला गावातली पोरं बाटल्या घेऊन उभी होती. माइक ठेवून टोलोही तिकडे आला. त्याला मी दिसत नव्हते, मध्ये टाकी होती. पण त्याच्या बुटांची टोकं मला दिसत होती, आणि तो माइकवर बोलतो त्यापेक्षा हळू बोलला.

"नुसते हसताय काय? अशा बायकांना सरळ करणं हे पोरांचं काम असतं. तुम्ही झोपा काढल्यात तर गाव नासेल. दोघींनाही. एकदा शिकवलं की विसरत नाहीत."

एक पोरगा म्हणाला, "आज नको टोलो, आज माती आहे."

"आज म्हणतोय कोण," टोलो म्हणाला, आणि पुन्हा मांडवात गेला.

परत येताना गाडी झोलेका चालवत होती. डांबरी रस्ता मी लागू दिला. मग तिला ते ऐकवलं. तिने गाडी बाजूला घेतली.

"शब्द तेच होते?"

"तेच."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. तिने इंजिन बंद केलं. पलीकडच्या माळावर कुणाच्या तरी मेंढ्या घरी चालल्या होत्या.

"झाकणांचं मी सोडून दिलं असतं," ती म्हणाली. "मी बाबांची लेक आहे, मला त्यांच्या मातीच्या दिवशी भांडण नको होतं. पण हे नाही सोडायचं. बबाल्वाला फोन लाव."

त्या दिवसापासून आमच्या घरात हे वाक्य सुरू झालं. बबाल्वाला फोन लाव.

कायद्याची मदत करणारं एक कार्यालय बाजारामागे आहे. तिथे प्रुडन्स नावाची बाई बसते. आम्ही सगळ्या तिला सिसी, म्हणजे ताई, म्हणतो, कारण ती आमच्यापेक्षा मोठी आहे आणि तिला तसं म्हटलेलं आवडतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"नुसती शिवी घेऊन गेलात तर कठीण आहे," ती म्हणाली. "मन दुखावलं एवढं पुरत नाही. इथे माणसाला वाईट बोलायचीही मोकळीक आहे, ती असायलाच हवी, नाहीतर माझं निम्मं आयुष्य तुरुंगात गेलं असतं. द्वेष पसरवला, इजा करायला चिथावलं, हे दाखवता यायला हवं. म्हणजे झाकणांवर नाही, टाकीवर. टाकीपाशी आणखी कोण होतं?"

"पोरं," मी म्हणाले.

"पोरं बोलणार नाहीत. म्हणजे तू एकटी." तिने कागदावर माझं नाव लिहिलं, मग वर पाहिलं. "अर्ज मात्र या दोघींचा. बोट यांच्याकडे दाखवलं होतं."

बबाल्वा कारखान्यातून सुट्टी काढून आली होती. तिने जरा अवघडून विचारलं, "पण सिसी, मी तशी नाही. मग मला अर्ज करता येतो?"

"तू कशी आहेस हे कायदा विचारत नाही बाळा. तुला तसं समजून तुझा अपमान केला, तुझ्यावर पोरं घालायला निघाला. कायद्याला एवढं पुरे."

झोलेकाने बबाल्वाच्या गुडघ्यावर थोपटलं. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते. सात वर्षांत मला जे कुणी दिलं नव्हतं ते बबाल्वाला एका वाक्यात मिळालं होतं, आणि तेही नको असताना.

मग प्रुडन्सने मला दारापाशी थांबवलं. "तू साक्षीत भाडेकरीणच राहा. बाहेरचा माणूस म्हटलं की शब्दाला वजन येतं. त्यात खोटं काही नाही. घराचा निम्मा हप्ता देतेस ना?"

"देते."

"मग झालं."

झोलेकाला हे पटलं. "एवढ्यापुरतंच," ती म्हणाली. "नंतर सगळ्यांना सांगू."

'नंतर' हा शब्दही माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

त्यानंतर बबाल्वा दर पंधरवड्याला येऊ लागली. कधी प्रुडन्सकडे, कधी कोर्टात अर्ज द्यायला. मुक्कामाला अर्थातच आमच्याकडे. ती चांगली मुलगी आहे, हीच अडचण होती. येताना ती मासे आणायची, भांडी घासायची, मला 'माराडेबे' म्हणून दोन्ही हातांनी कप द्यायची. आणि त्या दोघी शाळेतलं बोलायच्या. कुणाची चप्पल ओढ्यात गेली, कुठले मास्तर सायकलवरून पडले. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसून संत्रं सोलायची आणि सोलून झालं की दुसरं घ्यायची.

एका वर्तमानपत्राने बातमी छापली. कोर्टाच्या पायऱ्यांवर दोघी उभ्या आहेत असं छायाचित्र होतं, आणि खाली 'गावाच्या शिव्या सोसणारं जोडपं' असं लिहिलं होतं. टॅक्सीच्या थांब्यावर चालक झोलेकाला म्हणायचे, "मॅडम, आज वहिनी नाही आल्या?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. झोलेका हसायची. "कारखान्यात आहे," म्हणायची.

"चुकीचं आहे ते, हे सांगितलं का नाहीस?" मी एकदा विचारलं.

"टॅक्सीवाल्याला?"

"हो."

"वुयोकाझी," ती म्हणाली. भांडायचं असलं की ती माझं पूर्ण नाव घेते. "माझ्यावर पोरं सोडायला निघाला होता तो. आणि तू कोण कुणाच्या शेजारी उभं दिसतं यावर रुसलीस?"

"रुसले नाही."

"मग काय आहे हे?"

मला सांगता आलं नाही. प्रयोगशाळेत एखाद्या बाटलीवर दुसऱ्या विहिरीची चिठ्ठी लागली तर पाणी बदलत नाही. पण अहवाल मात्र दुसऱ्याच विहिरीच्या नावाने जातो, आणि आपल्या विहिरीतून पिणाऱ्यांना कुणी काही सांगत नाही. असं काहीसं होतं. ते मी बोलले नाही. बोलले असते तर ती हसली असती, आणि मग मी खरंच रुसले असते.

एकदा बबाल्वा ओट्यापाशी उभी राहून माझ्या कपातून चहा पीत होती. निळा, कान तुटलेला कप. तिला ते माहीत असायचं कारण नव्हतं. झोलेका तिला काहीतरी सांगत होती, आणि बबाल्वा ऐकत होती. कप ओठांशी तसाच धरून, प्यायचं विसरून ती ऐकत होती. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, ही म्हणते मी तशी नाही. मग स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटून हेवा कमी झाला, असं काही नाही.

सुनावणी उन्हाळ्यात लागली. आमच्यासारख्या, समानतेच्या दाव्यांसाठी वेगळी इमारत नाही. रोज चोऱ्यामाऱ्यांचे खटले चालतात त्याच खोलीत, त्याच मॅजिस्ट्रेट बाई, फक्त त्या दिवशी आरोपीचा पिंजरा रिकामा असतो. टोलोने वकील केला नव्हता. "मला बोलायला दुसऱ्याचं तोंड कशाला," तो म्हणाला होता. गडद सूट घालून, मातीला घालतो तोच, तो ऐटीत बसला होता. गावातली बरीच माणसं आली होती. माभेले मागच्या बाकावर, विधवेच्या काळ्या कपड्यांत, हात मांडीवर ठेवून बसली होती. झोलेका आणि बबाल्वा पुढच्या बाकावर. बाक आखूड होता, दोघींच्या बाह्या एकमेकींना लागत होत्या.

टोलोने माइकवरचं सगळं मान्य केलं. "विनोद होता. मयताच्या घरी मी माणसांना हसवतो. बाई, तुमच्या घरीही कधीतरी बोलवाल." खोलीत हसू पसरलं. "टाकीपाशी मी पाणी प्यायला गेलो होतो. पोरांशी काहीच बोललो नाही."

मग मला बोलावलं. शपथ झाली. मी टाकी कुठे होती, पोरं कुठे, मी कुठे, हे सांगितलं आणि त्याचे शब्द सांगितले. मॅजिस्ट्रेट बाई लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता, खरं तर वर न बघताच, त्यांनी विचारलं, "अर्जदार झोलेका तुमच्या कोण?"

प्रुडन्स माझ्याकडे बघत होती. उत्तर ठरलेलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. निम्मा हप्ता मी देत होते. मी पुढच्या बाकाकडे पाहिलं. बबाल्वा घाबरली होती, आणि झोलेकाने तिचा हात हातात घेतला होता.

"आम्ही जोडीदार आहोत," मी म्हणाले. "सात वर्षं."

बाईंनी लेखणी थांबवली. "इथल्या कागदात भाडेकरीण आहे."

"तो शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी केला होता. ते आता नाहीत."

"मग या दुसऱ्या अर्जदार?"

"त्या शेजारच्या. त्या दिवशी त्यांच्या अंगावर सुनेची शाल होती, म्हणून टोलोंची चूक झाली. त्यांना जिच्याकडे बोट दाखवायचं होतं ती मी होते."

मागून कुणीतरी तोंडाने चक् केलं. प्रुडन्सने चष्मा काढून टेबलावर ठेवला. झोलेका माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला वाचता येईना. माभेलेकडे बघायचं धाडस मी केलं नाही.

टोलो प्रश्न विचारायला उठला तेव्हा त्याला माइक मिळाल्यासारखं झालं.

"माराडेबे," तो मोठ्या अदबीने म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी मी दोन बायकांना बोललो, आणि तिसरी रागावली, कारण तिला बोललो नाही?"

खोलीभर हशा झाला. मॅजिस्ट्रेट बाईंनी टेबलावर हात आपटला, पण त्यांचेही ओठ हलले होते.

"हो," मी म्हणाले.

हशा थांबला. त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

"हो म्हणजे?"

"मला हेवा वाटला. अजून वाटतो."

"ऐका! म्हणजे ही बाई जळते आहे. जळणारा माणूस काय वाटेल ते बोलतो. बाई, लिहून घ्या. ही माझ्यावर सूड उगवते आहे."

"तुमच्यावर नाही, टोलो. मी जळते ती बबाल्वावर. गेले कित्येक महिने ती माझ्या घरी येते, माझ्या कपातून चहा पिते, वर्तमानपत्रात माझ्या माणसाशेजारी उभी राहते. हा दावा बुडाला तर ती परत येणार नाही. तुम्ही टाकीपाशी काही बोलला नव्हतात, एवढं मी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मग खोटं बोलून मी तिला जिंकवीन कशाला?"

टोलोने सुटाचं बटण सोडलं. मग तो खाली बसला.

मी उतरले तेव्हा बबाल्वा रडत होती. बाहेरच्या ओसरीत झोलेका माझ्याकडे आली.

"कप," ती म्हणाली. "कोर्टात कप काढलास."

"आठवला."

"घरी सांगायचं होतंस. मी उचलून ठेवला असता."

तिने माझी कॉलर सारखी केली. माभेले आमच्या शेजारून गेली, माझ्याकडे न बघता, आणि गावाकडे जाणाऱ्या टॅक्सीत बसली. पुढच्या सीटवर. काच वर केली.

निकाल काही आठवड्यांनी आला. झाकणांच्या विनोदावर बाईंनी फारसा वेळ घालवला नाही. तो ओंगळ होता, त्याने दुःखाच्या दिवशी माणसं दुखावली, पण नुसत्या त्यावर हा दावा उभा राहिला असता का, याची त्यांना शंका होती. टाकीपाशी जे बोललं गेलं ते वेगळं. तरुण पोरांना बायकांवर घालणारं वाक्य हे मत नव्हे, आणि विनोदही नव्हे. साक्षीदाराबद्दल त्यांनी लिहिलं होतं की ती निःपक्ष नाही, हे तिने स्वतःच सांगितलं, पण तिचा हेवा तिच्या साक्षीच्या उलट दिशेला ओढत होता, आणि तरीही साक्ष जागची हलली नाही. टोलोने ज्या अंगणात बोट दाखवलं त्याच अंगणात, गावासमोर, बिनशर्त माफी मागायची. दोन्ही अर्जदारांची.

दोन्ही अर्जदार म्हणजे झोलेका आणि बबाल्वा. माझं नाव साक्षीदारांत होतं. प्रुडन्सने निकाल मोठ्याने वाचला, मला मिठी मारली, आणि मी तिच्या खांद्यावरून त्या दोन नावांकडे बघत राहिले. शेजारी शेजारी छापली होती.

माफीच्या शनिवारी मी एन्ताबेनीला टोपी घालूनच गेले. दुसरं काय घालणार होते? अंगणात बाकं मांडली होती, आणि मधोमध दोन खुर्च्या, बसायला उशा घातलेल्या. झोलेका आणि बबाल्वाला तिथे बसवलं. गोठ्याच्या खांबाला टोलोने आणलेली एक मेंढी बांधली होती. ती कोर्टाने सांगितली नव्हती, ती गावाने सांगितली. कोरड्या तोंडाने मागितलेली माफी आमच्याकडे कुणी धरत नाही. मी फाटकाजवळ पाहुण्यांत उभी राहिले.

"नोलिझ्वी," घरातून माभेलेचा आवाज आला.

कुणी उठलं नाही.

"नोलिझ्वी, चहाचं बघायला कुणी येणार आहे का?"

मी मागे वळून पाहिलं, कुणाला हाक मारते आहे ते. मागे फाटक होतं, आणि फाटकापलीकडे रस्ता. माझ्याशेजारच्या म्हातारीने मला कोपराने ढोसलं.

माभेले दारात आली. "तुलाच. बहिरी झालीस का? टाकीपाशी तर चांगलं ऐकू येत होतं."

आमच्याकडे सून घरात येते तेव्हा तिला नवं नाव मिळतं. ते सासू ठरवते, आणि आधी कुणाला विचारत नाही. नोलिझ्वी म्हणजे शब्दाची, दिलेल्या शब्दाची बाई. मी अंगण ओलांडून गेले. सगळे बघत होते. दारात माभेलेने माझी टोपी काढली आणि खुंटीला लावली. तिच्या हातात शाल होती. खुंटीवरची जुनी नव्हे. ही नवी होती, दुकानातल्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या.

"मला वाटलं तुम्ही रागावलात," मी म्हणाले.

"रागावलेच होते. टॅक्सीत सगळी वाट रागावले." ती पिन लावत होती. पिन जाड होती, तिची बोटं वाकडी झाली आहेत, दोनदा चुकली. "गावासमोर सांगायचं ते आधी सासूला सांगायची पद्धत आहे. रुमाल आणखी खाली घे. कपाळ दिसतंय."

बाहेर टोलो उभा होता. माइक नव्हता, तो गावाने त्याला दिला नाही. त्याने झोलेकाला तिच्या बापाच्या कुळाने हाक मारली आणि बबाल्वाला तिच्या. "माम्पिंगा. माजोला. मी या अंगणात तुमचा अपमान केला, आणि टाकीपाशी त्याहून वाईट बोललो. ते शब्द मी परत घेतो." एवढंच. त्याला एवढं थोडं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पोरांपैकी एक जण खाली मान घालून जमीन उकरत होता.

मग मी ट्रे घेऊन गेले. सून पाहुण्याला गुडघ्यावर बसून देते. मी चटईवर गुडघे टेकले आणि टोलोपुढे कप धरला. त्याने आधी शालीकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या बबाल्वाकडे, मग पुन्हा शालीकडे. सवयीने त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते मला स्पष्ट दिसलं.

"मी काही बोलत नाही," तो म्हणाला.

"साखर किती ते तरी बोला."

"तीन."

त्याने कप दोन्ही हातांनी घेतला. झोलेकाने खोकल्याचं नाटक करून तोंडावर हात धरला. मी तिला कप दिला. तिने मुद्दाम सावकाश घेतला, बोटं बोटांवर ठेवून, सगळ्या गावासमोर.

मग बबाल्वा. तिच्यापुढेही मी गुडघ्यावर होते. आज ती मानाची पाहुणी होती. तिने कप घेतला, पण तिची नजर कपावर नव्हती. ती माझ्या छातीशी लावलेल्या पिनेकडे बघत होती, आणि मग तिने हळूच शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली. थंडीपासून मी स्वतः ती घेऊन फिरत होते.

"साखर?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. जरा थांबून तिने पुढे जोडलं, "नोलिझ्वी."

मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. थोडं वाटलंही. मी तिच्या बशीत बिस्किटांमधलं सगळ्यात मोठं ठेवलं, त्याचा काय उपयोग ते मला ठाऊक होतं तरी.

"नोलिझ्वी," मागच्या अंगणातून माभेले ओरडली. पातेलं लागल्याचा वास येत होता.

या वेळी मी मागे वळून पाहिलं नाही. ट्रे उचलला आणि निघाले.